मदत हवी आहे: धाकट्या भावाला ‘सुपरनॅचरल’चा शेवट दाखवू की नको?

प्राजक्त

नमस्कार मंडळी. भुताखेतांची शिकार करणाऱ्या दोन भावांची ‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकी मालिका ज्यांनी पूर्ण पाहिली आहे त्यांनीच पुढे वाचा, कारण शेवटच्या प्रसंगापर्यंत सगळं लिहिणार आहे.

माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. पुढच्या महिन्यात साइन ऑफ होऊन घरी येतोय. दर वेळी बोटीवरून फर्माइशींची यादी येते, या वेळी एकच आली: “ताई, विंचेस्टर भावांचं राहिलेलं सगळं आपण दोघं मिळून बघू.”

पहिले पाच सीझन आम्ही एकत्र पाहिले होते. तो बारावीला होता, मी नुकती नोकरीला लागले होते. आईबाबा झोपले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा, इयरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. भुतं, डाकिणी, नरकातले काळे कुत्रे यांना आम्ही कधी फारसं घाबरलो नाही. आम्ही बघायचो ते डीन आणि सॅम या विंचेस्टर भावांसाठी. एक भाऊ मरतो, दुसरा काहीतरी भयंकर सौदा करून त्याला परत आणतो आणि त्या सौद्याची किंमत पुढचा अख्खा सीझन वसूल होत राहते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी डीन सॅमसाठी स्वतःचा आत्मा विकतो आणि बदल्यात त्याला एक वर्ष मिळतं, तेव्हा माझा भाऊ रात्री दीड वाजता मला म्हणाला होता, “मीपण केलं असतं.” मी त्याला गप्प झोपायला सांगितलं.

पाचव्या सीझनच्या शेवटी सॅम लुसिफरला, म्हणजे सैतानाला, स्वतःच्या अंगात घेतो. लुसिफर त्याचा पूर्ण ताबा घेतो, डीनला मार मार मारतो, आणि मारता मारता त्याची नजर भावांच्या इम्पाला गाडीच्या ॲशट्रेकडे जाते. लहानपणी सॅमने त्यात कोंबलेला हिरवा प्लॅस्टिकचा सैनिक अजून तिथेच अडकलेला असतो. तेवढ्याने सॅम भानावर येतो आणि लुसिफरसकट त्या खड्ड्यात उडी घेतो. आमच्या जुन्या मारुती ८०० च्या ॲशट्रेत भावाने अशीच कॅरमची एक काळी सोंगटी अडकवून ठेवली होती. बाबांनी ती कधी काढली नाही. गाडी विकली तेव्हा सोंगटी तिच्यासोबतच गेली. तो भाग संपल्यावर भाऊ म्हणाला, “इथेच संपली. आता पुढचं बघायचं नाही.” त्याचं फारसं चुकलंही नव्हतं. मालिकेचा निर्माता एरिक क्रिपकीने कथा मुळात पाच सीझनचीच योजली होती.

दोन वर्षांपूर्वी आमचे बाबा गेले. भाऊ तेव्हा भर समुद्रात होता आणि पुढचं बंदर नऊ दिवसांवर होतं. तो घरी पोचला तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. त्या दिवसांबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. आईशीही नाही, माझ्याशीही नाही.

राहिलेले दहा सीझन मी गेल्या वर्षभरात एकटीने पाहिले. त्याला सांगितलेलं नाही, आणि त्याचीही टोचणी आहे. पण खरी अडचण शेवटच्या भागाची आहे. जगाचा अंत, लुसिफर, प्रत्यक्ष देव, सगळ्यांना पुरून उरलेला डीन एका साध्या व्हॅम्पायरच्या शिकारीत, कोठारातल्या खांबातून बाहेर आलेली सळई पाठीत घुसून मरतो. सॅम मदत आणायला धावणार, तर डीन त्याला थांबवतो. म्हणतो, इथेच राहा, आणि सांग मला की ठीक आहे. सॅमला शब्द फुटत नाही. शेवटी डीनच्या कपाळाला कपाळ टेकवून तो सांगतो की ठीक आहे, तू जा आता.

बाबांच्या शेवटच्या रात्री मी त्यांचा हात हातात घेऊन जवळजवळ हेच बोलले होते. बोलणारी मी एकटीच होते. भावाला हा प्रसंग दाखवला तर त्याचं काय होईल, या विचाराने मला झोप लागत नाही. आणि लपवला तर? पंधरा वर्षं चाललेल्या गोष्टीचा शेवट मी त्याच्यापासून चोरल्यासारखं होईल.

म्हणून विचारते आहे. पंधराव्या सीझनच्या १९ व्या भागाला थांबलं तर गोष्ट पूर्ण वाटते का? चक, म्हणजे मालिकेतला देव, हरलेला असतो, लुसिफरचा मुलगा जॅक नवा देव झालेला असतो, दोघं भाऊ गाडीतून निघतात. शिवाय जॅक देव आहे तर त्याने डीनला वाचवलं का नाही? हे मला अजूनही पटत नाही. भाऊ पहिल्या मिनिटाला हेच विचारणार आणि माझ्याकडे उत्तर नाही.

एक व्यवहारी अडचणही आहे. एकूण भाग ३२७, आमचे पाहून झालेले १०४. उरले २२३. त्याची सुट्टी २४ दिवसांची. त्यात आईला वेळ द्यायचा, गावी जाऊन यायचं. कोणते भाग गाळता येतील?

रातराणी_०७

प्राजक्त, १९ व्या भागाला थांबलात तर कथानक पूर्ण होतं, यात शंका नाही. माझ्या ओळखीत अनेकांनी तसंच ठरवून घेतलं आहे. पण आधी जॅकबद्दल लिहिते, कारण भाऊ ते विचारणारच.

पाचव्या सीझनपर्यंत आपल्याला वाटतं की हे दोघं नशिबाशी लढताहेत. चौदाव्याच्या शेवटी कळतं की नशीब वगैरे काही नव्हतंच, एक लेखक होता. चक म्हणजेच देव, आणि त्याला या दोन भावांची शोकांतिका बघायला आवडत होती. आई छतावर जळाली, सॅमची मैत्रीण जेसिका तशीच गेली, बाप गेला, बापासारखा बॉबी गेला, प्रत्येक वेळी एकाला मारून दुसऱ्याला रडवायचं आणि पुन्हा पटावर मांडायचं. जॅक देव होतो तेव्हा जाताना सांगतो की मी पावसाच्या थेंबात असेन, धुळीच्या कणात असेन, पण ढवळाढवळ करणार नाही. त्याने डीनला उठवलं असतं तर तोही दुसरा चकच झाला असता. त्या सळईमागे कुणाचा हात नाही, म्हणून ती इतकी बोचते. डीनला आलेलं हे पहिलं असं मरण आहे जे कुणी लिहिलेलं नव्हतं.

आणखी एक बघा. आधी प्रत्येक मरणानंतर सौदा व्हायचा. या वेळी डीन आधीच बजावतो की मला परत आणायचं नाही. सॅम ते पाळतो. ज्या भावाने नवव्या सीझनमध्ये सॅमला न विचारता एक देवदूत त्याच्या अंगात घुसवला होता, तोच हे मागतो.

कोकणकडा

माझं मत वेगळं आहे, आणि ठामपणे वेगळं आहे.

“कुणी लिहिलेलं नव्हतं” हे ऐकायला छान वाटतं, पण लिहिणाऱ्यांनी ते लिहिलंच ना. त्याच भागात डीनच्या टेबलावर नोकरीचा अर्ज दिसतो. फ्रेम थांबवून बघा. म्हणजे हा माणूस शिकार सोडून, किंवा शिकारीसोबत, काहीतरी साधं करायच्या विचारात होता. ‘पाय’ (pie) या गोड पदार्थाच्या जत्रेत तोच सॅमला सांगतो की आपण जगलो नाही तर कॅस (त्यांचा देवदूत मित्र कॅस्टिएल) आणि जॅकने दिलेलं सगळं फुकट जाईल. आणि वीस मिनिटांत तो गेला. चकच्या तावडीतून सुटलेल्या माणसाला जगायला काही दिवस मिळाले. मला हे अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं.

कॅस्टिएलचं तर विचारूच नका. त्याने एम्प्टीशी, म्हणजे देवदूत मेल्यावर जातात त्या पोकळीशी, सौदा केलेला असतो की ज्या क्षणी तो खऱ्या अर्थाने सुखी होईल त्या क्षणी ती त्याला न्यायला येईल. १५ च्या १८ व्या भागात तो डीनला सांगतो की तुझ्यावर माझं प्रेम आहे, आणि हे बोलून दाखवण्यातच त्याचं सुख असतं. काळा चिखल येतो आणि त्याला गिळतो. असा प्रसंग झाल्यावर शेवटच्या भागात त्याचं दर्शनही नाही. बॉबी स्वर्गात एका वाक्यात सांगतो की कॅसने मदत केली, आणि डीन हसतो. बस. चित्रीकरण मार्च २०२० मध्ये थांबलं तेव्हा दोनच भाग उरले होते आणि पुढे ते साथीच्या निर्बंधांत पूर्ण झाले, हे मला मान्य आहे. तरी जीव हळहळतोच.

तुमच्या भावाच्या बाबतीत मी १९ व्या भागाला थांबा म्हणेन. दोन भाऊ, एक गाडी, मोकळा रस्ता. त्याने पाचव्याला थांबायचं स्वतः ठरवलं होतं. त्याला कुठे थांबायचं ते कळतं.

रातराणी_०७

@कोकणकडा, कॅसबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्याचं उरकलंच.

पण स्वर्गाचा भाग विसरू नका. पाचव्या सीझनच्या १६ व्या भागात दोघं स्वर्गात जातात तेव्हा तिथे प्रत्येक आत्म्याला वेगळी खोली असते आणि आपल्याच आठवणी पुन्हा पुन्हा जगायच्या असतात. एकांतवासच तो. जॅकने त्या भिंती पाडल्या. शेवटी डीन पोचतो तेव्हा बॉबी बाहेर खुर्ची टाकून बसलेला असतो आणि सांगतो की तुझे आईबाबा तिकडे पलीकडेच राहतात. डीन गाडी काढतो. तो एक फेरी मारून येईपर्यंत सॅमचं अख्खं आयुष्य होतं. मुलगा होतो, त्याचं नाव तो डीन ठेवतो, म्हातारपण येतं. आणि सॅमच्या शेवटच्या घटकेला तो मुलगा त्याला तेच वाक्य म्हणतो, जे सॅम कोठारात म्हणाला होता. प्राजक्त, तुम्ही लिहिलंत त्यात हा भाग आला नव्हता म्हणून आठवण केली. ते वाक्य दोनदा येतं.

पुढे २०२२ मध्ये आलेल्या ‘द विंचेस्टर्स’चा निवेदक डीनच आहे, आणि ती गोष्ट घडते ती याच स्वर्गातल्या फेरीत.

खारीचा_वाटा

यादीचं काम माझ्याकडे द्या. मी नवऱ्याला याच पद्धतीने मालिका दाखवली, तोही पाचव्यानंतर कंटाळला होता.

सहावा: पहिला भाग घ्याच. सॅम परत आलाय पण काहीतरी बिनसलंय, हे डीनसोबत आपल्यालाही हळूहळू कळतं. कॅसने त्याचं शरीर वर आणलं, आत्मा खालीच राहिला. ११ वा भाग, ज्यात मृत्यू स्वतः तो आत्मा परत आणून देतो. १५ वा, ज्यात दोघं अशा जगात पडतात जिथे ते म्हणजे मालिकेतले नट असतात. आम्ही दोघं पोट धरून हसलो. २० वा कॅसच्या तोंडून आहे आणि तो गाळलात तर त्याचं नरकाचा राजा क्राउलीशी हातमिळवणी करणं निव्वळ दगाबाजी वाटेल. मग २२ वा.

सातव्यातून पहिले दोन आणि १० वा. १० व्यात बॉबी जातो. रुमाल हाताशी ठेवा. बाकीचा सातवा सीझन खुशाल गाळा. लेव्हायथन राक्षसांचं प्रकरण विनाकारण ताणलं आहे.

आठव्यात १२ व्या भागापासून सलग पाहा. आजोबा कपाटातून येतात, राहायला बंकर मिळतो, नरकाचे दरवाजे बंद करण्यासाठीच्या तीन परीक्षा सुरू होतात. २३ व्यात चर्चमध्ये सॅम तिसरी परीक्षा पूर्ण करून मरायला निघालेला असतो आणि डीन त्याला थांबवतो. नववा: १, ९, ११, १३, २३. १३ व्या भागाच्या शेवटी सॅम डीनला तोंडावर सांगतो की हीच वेळ तुझ्यावर आली असती तर मी असं केलं नसतं. तुमच्या भावाच्या त्या “मीपण केलं असतं”ला हे थेट उत्तर आहे बरं का.

दहावा: पहिले तीन, ५ वा (हा दोनशेवा भाग, मुलींच्या शाळेत यांच्याच आयुष्यावर संगीत नाटक बसवतात), २२ आणि २३. अकरावा: १, ४, २०, २३. बारावा शेवटचे दोन. तेराव्यातून १, ५, १६ आणि शेवटचे तीन. चौदाव्यातून ८, १३, आणि १८ ते २०. पंधरावा मात्र पूर्ण पाहा.

हे साधारण ७० भाग होतात. दिवसाला तीन. जमतंय.

निळी_छत्री

मी सहसा फक्त वाचतो. पण वरच्या यादीत ‘चौदाव्यातून १३’ असं एका आकड्यात आलं आहे ना, तिथे थांबलो. प्राजक्तताई, तुम्ही शेवटच्या भागाची काळजी करताय. मला वाटतं काळजी करायचा भाग हा आहे.

तो तीनशेवा भाग. डीनला डोक्यात शिरलेल्या मायकल या देवदूतापासून सुटका हवी असते, म्हणून तो मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी करणारा मोती हातात धरतो. प्रत्यक्षात बंकरमध्ये येऊन उभे राहतात ते त्यांचे बाबा, जॉन. २००३ सालातले, हातात बंदूक, आणि समोरची दोन मोठी माणसं आपली मुलं आहेत हे न कळलेले. भावांची आई मेरी त्यांना पाहते. मग चौघं एकत्र जेवतात. आई, बाप आणि दोन मुलगे एका टेबलाशी असे जेवायला बसण्याची वेळ तीनशे भागांत पहिल्यांदा येते.

मला जेवणापेक्षाही सॅम आणि जॉनचं बोलणं लक्षात राहिलं. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग आठवा. रुग्णालयात सॅम बापाशी भांडलेला असतो. नंतर तो कॉफी घेऊन परत येतो तर बाप जमिनीवर पडलेला, सॅमच्या हातून कप खाली पडतो. शेवटची भेट ती. तीनशेव्या भागात जॉन त्याची माफी मागायला लागतो, तर सॅम म्हणतो की तुमची आठवण आली की मला आपली भांडणं आठवत नाहीत. रुग्णालयाची ती फरशी आठवते, आणि निरोप घ्यायचा राहून गेला हे आठवतं.

ताई, माझी आई गेली तेव्हा मी दुबईत होतो. विमान मिळालं, पण उशिरा मिळालं. हा भाग पहिल्यांदा लागला तेव्हा त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. घरात मित्र होते. मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा राहिलो. शेवटच्या भागात मला असं काही झालं नाही. तिथे सॅमला बोलायला मिळतं. डीन ऐकतो. माझ्यासारख्याला त्यात त्रास कमी आणि हेवा जास्त वाटला.

म्हणून माझं सांगणं एवढंच. १४ चा १३ वा यादीतून काढू नका, पण अचानक समोर आणू नका. त्याला आधी सांगा. बघायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. आणि बघायचं ठरलं तर त्या रात्री फक्त तुम्ही दोघं असा.

कोकणकडा

निळी_छत्री, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर “१९ ला थांबा” लिहिलं ते मागे घेतो. शेवट मला आवडत नाही तो नाहीच, पण माझं भांडण लेखकांशी आहे. ते प्राजक्तच्या भावाच्या गळ्यात घालायचं काही कारण नाही.

प्राजक्त

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर लिहिता आलं नाही, कारण १४ चा १३ वा पुन्हा पाहिला.

मी तो आधी एकदा पाहिला होता आणि मला त्यातलं फक्त जेवणाचं टेबल आठवत होतं. मेरीने केलेला तो पदार्थ. सॅमचं फरशीवरचं बोलणं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. बहुतेक मला त्याची गरज नव्हती म्हणून. मी बाबांच्या खाटेजवळ होते. सॅमच्या जागी कोण आहे हे निळी_छत्रींनी लिहिल्यावर कळलं. आपण इतके दिवस डीनच्या मरणाकडेच बघत बसलो होतो.

आणि शेवट! मोती फोडला की जॉन जाणार हे चौघांनाही माहीत असतं. सॅम तो फोडतो. पुढच्या क्षणी जॉन २००३ मध्ये गाडीत जागा होतो आणि डीनला फोनवर सांगतो की भलतंच स्वप्न पडलं होतं, पण चांगलं होतं. मी तिथे लॅपटॉप बंद केला.

रातराणी, जॅकचं उत्तर पटलं. भावाला तसंच सांगेन. शेवटच्या भागातली आणखी एक गोष्ट या वेळी नीट ऐकली. सळईवर असताना डीन सॅमला सांगतो की अगदी पहिल्या दिवशी, तुला कॉलेजातून न्यायला आलो होतो तेव्हा, मी तासन्‌तास बाहेर उभा होतो, कारण तू हाकलून देशील अशी भीती होती. पंधरा वर्षांनी हे बोलतो. एवढा वेळ ते त्याच्या पोटात होतं.

काल रात्री भावाचा फोन आला. बोटीवर नेट बरं होतं. मी पुढचे सीझन पाहिल्याचं कबूल केलं. तो चिडला, मग म्हणाला की त्याला अंदाज होता. मग मी त्याला विचारलं, “चौदाव्या सीझनमध्ये त्यांचे बाबा एका दिवसासाठी परत येतात. तो भाग बघायचा का आपण?”

तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली. इंजिनाची घरघर मात्र ऐकू येत होती.

मग त्याने विचारलं, “जेवतात का सगळे एकत्र?”

मी म्हटलं, “हो.”

“मग तो बघू.”

शेवटच्या भागाचं अजून विचारलेलं नाही. तो घरी आला, १४ चा १३ वा झाला की विचारेन. खारीचा_वाटा, यादी वहीत उतरवून घेतली आहे. फक्त तेराव्यातला ५ वा कशासाठी आहे तेवढं सांगाल का?

खारीचा_वाटा

त्यात डीन काही मिनिटांसाठी स्वतःच्या जिवावर उदार होतो, आणि तिकडे त्याची गाठ नव्या मृत्यूशी, बिलीशी पडते. कॅस गेलेला असतो, आई दुसऱ्या जगात अडकलेली असते आणि तो कुणालाही सांगत नसतो की आपण आतून संपलो आहोत. बिली मात्र बरोबर ओळखते. शेवटाकडे कॅसचा फोन येतो. तो शेवट गाळू नका, आणि लगेच सहावाही लावा.